दांतांतला किडा



दांत बिघडला म्हणजे मराठींत आपण तो 'किडला' असें म्हणतों. फळ किडतें, धान्य किडतें, तसाच दांतहि किडतो. या एका क्रियापदांत मानवजातीची हजारों वर्षांची एक समजूत दडून बसली आहे. दांतांत किडा शिरतो, तो आंतून पोखरतो आणि त्याच्या वळवळीनें ठणका लागतो, ही ती समजूत होय. ती केवळ आपल्याकडची नव्हे. बाबिलोन देशांतील मातीच्या एका पाटीवर दांतदुखीवरचा मंत्र कोरलेला सांपडला आहे. चिखलांतून किडा जन्मला आणि रडत देवापुढें गेला. देवानें त्याला पिकलेलें अंजीर देऊं केलें. पण त्यानें तें नाकारून माणसाचे दांत आणि हिरड्या यांमध्येंच राहावयास जागा मागून घेतली, अशी कथा त्यांत आहे. दांतदुखीनें रात्र जागून काढलेल्या माणसानेंच ती रचली असावी, असें मला नेहमीं वाटतें.

आपल्या सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत दांतांचे आठ रोग सांगितले आहेत. त्यांपैकीं एकाचें नांव कृमिदंतक. काळा पडलेला, भोंक पडलेला, हलणारा, स्रवणारा आणि कारणावांचून ठणकणारा दांत, हें त्याचें वर्णन आजच्या दंतवैद्यालाहि ओळखीचें वाटावें. गंमत अशी कीं, नांवांत कृमि असला तरी ग्रंथकार कारण म्हणून वाताकडे बोट दाखवितो. त्याच यादींत 'दंतशर्करा' आहे. ही शर्करा म्हणजे साखर नव्हे. दांतांवर सांचून खड्यासारखा कठीण होणारा मळ तो.

समजूत रूढ झाली कीं तिच्यावर पोट भरणारेहि निघतात. आपल्या खेड्यांतून फिरते औषधवाले रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तिची धुरी दुखऱ्या दांताला देत, आणि मग वाटींतल्या पाण्यांत पडलेले 'किडे' भोवतालच्या मंडळींना दाखवीत. युरोपांत हेंच काम खुरासानी ओव्याच्या बियांवर चाले. हे भोंदू लोक वाद्याच्या तारांचे बारीक तुकडे पाण्यांत सोडून तेच किडे म्हणून दाखवितात, असें इंग्लंडांतील जॉन जेरार्डनें १५९७ सालच्या आपल्या वनस्पतिग्रंथांत लिहून ठेविलें. तरीहि धंदा चालूच राहिला.

या किड्याचा खरा समाचार घेतला तो हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानें. त्याचें नांव अंतोनी लेव्हेनहूक. तो रोज मिठानें दांत घांशी आणि फडक्यानें पुशी. असें असूनहि दांतांच्या फटींत कालविलेल्या पिठासारखा पांढरा मळ राहतोच, हें पाहून त्यानें तो स्वतः घांसून तयार केलेल्या भिंगाखालीं धरला. १६८३ सालीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविलें कीं, त्या मळांत असंख्य सूक्ष्म जीव पोहत आहेत. आपल्या देशांतील माणसांहून आपल्या तोंडांतील प्राण्यांची संख्या अधिक भरेल! पुढें एकदां, धुरीनें दांतांतून काढलेले म्हणून दोन किडे त्याच्याकडे तपासणीस आले. ते चीजमध्यें होणाऱ्या अळ्यांच्या जातीचे आहेत, हें त्यानें ओळखलें. म्हणजे किडा दांताचा नव्हता, जेवणाचा होता. परंतु मळांत दिसलेले जीव आणि दांताचें भोंक यांचा संबंध लागावयास आणखी दोनशें वर्षें जावीं लागलीं.

निदान असें चांचपडत असतां दांत राखण्याचा आचार मात्र आपल्याकडे पुष्कळ पुढें गेलेला होता. सुश्रुतानें दांतवण बारा अंगुळें लांब व करंगळीएवढें जाड सांगितलें. कडू रसांत निंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज श्रेष्ठ मानला. आणि एकेक दांत मऊ कुंचल्यानें, हिरडीला इजा न होतां घांसावा, असें बजाविलें. हें पुस्तकांतच राहिलें नव्हतें, याला परक्याची साक्ष आहे. इत्सिंग नांवाचा चिनी भिक्षु सातव्या शतकांत नालंदा येथें सुमारें दहा वर्षें राहिला होता. त्यानें आपल्या वृत्तांतांत दांतवणावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलें आहे. काडीचें टोंक सावकाश चावावें, दांत घांसावे, मग तीच काडी चिरून व वांकवून जीभ खरवडावी, ही सारी रीत त्यानें नोंदविली, आणि दांतवणामुळें हिंदुस्थानांत दांतदुखी क्वचितच आढळते, असाहि अभिप्राय दिला. आपले देशबांधव या काडीला वाळुंजाची फांदी समजतात, याबद्दल तो त्यांच्यावर थोडा रागावलेलाहि दिसतो.

या आचाराला पुढें दृष्ट लागली ती तंबाखूची. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ती वनस्पति या देशांत आणली, आणि कालांतरानें महाराष्ट्रांतील कष्टकरी घरांतून दांतवणाच्या जागीं तव्यावर जाळलेल्या तंबाखूची काळी पूड, म्हणजे मशेरी, येऊन बसली. मशेरीनें दुखणें क्षणभर बधिर होतें, म्हणून ती औषध वाटते. नंतर तिच्यावांचून चालत नाहीं. सकाळीं एकदां दांतांना लावावयाची ती दिवसांतून चार-पांच वेळां हिरडींत धरली जाते. आईच्या डबींतली चिमूट मुलीच्या बोटावर येते, ती याच भाबडेपणानें कीं दांत घांसावयास शिकवीत आहों. मी मास्तरकी केली त्या भागांत अशा मुली माझ्या वर्गांत असत. तंबाखूयुक्त दंतमंजनें व टूथपेस्ट विकण्यास भारत सरकारनें १९९२ सालीं बंदी केली. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोंचणार? मशेरीनें हिरड्या खचतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. साफ करावयाच्या निमित्तानेंच तोंड नासावें, याहून उलटी गोष्ट ती कोणती!

असो. १८९० सालीं बर्लिन येथें राहणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानें आपल्या ग्रंथांत कोडें सोडविलें. काढलेले दांत, लाळ, पाव आणि साखर एकत्र ठेवून त्यानें दाखविलें कीं, तोंडांतील जंतु साखर व पिष्ट आंबवितात, त्यांतून आम्ल निघतें, आणि तें आम्ल दांताचा चुना विरघळवितें. पोखरणारा किडा नाहीं. खाणारे जीव आहेत, पण ते आपण खाऊं घातलेलें खातात. दुसऱ्या महायुद्धांत नॉर्वे व जपान येथें साखर दुर्मिळ झाली, तेव्हां मुलांचे दांत किडण्याचें प्रमाण उतरलें, हा त्याला इतिहासानेंच दिलेला दाखला म्हणावा लागेल.

पण साखर किती खाल्ली यापेक्षां ती किती वेळां खाल्ली, हें अधिक महत्त्वाचें आहे, आणि तें कळलें ती हकीकत सांगतांना मन कचरतें. स्वीडनमध्यें लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नांवाचें मतिमंदांचें रुग्णालय होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें सरकारच्या संमतीनें साखरेचे प्रयोग झाले. कांहींना साखर जेवणांत दिली. कांहींना दांतांना चिकटून राहणारी टॉफी जेवणांच्या मधल्या वेळीं, पुनःपुन्हां दिली. दुसऱ्या गटांतील अनेकांचे दांत पार नासून गेले. आपल्यावर काय चाललें आहे, हें ज्यांना समजत नव्हतें आणि नको म्हणणें ज्यांना शक्य नव्हतें, त्यांच्या तोंडांतून हें ज्ञान काढलें. १९५४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांना गोड खाऊ आठवड्यांतून एकदांच, शनिवारीं द्यावा, ही स्वीडिश घरांतील प्रथा त्यांतून रुजली. तेथील मूल शनिवारची वाट पाहतें. कोणामुळें, हें त्याला कोण सांगणार?

त्या हिशेबानें सणाच्या जेवणांतली पुरणपोळी दांतांना तितकी महाग पडत नाहीं, जितका माझ्या वयाच्या मंडळींचा दिवसांतून सहा वेळां घोटघोट घेतलेला गोड चहा. प्रत्येक घोटानंतर आम्लाचा अंमल अर्धा तास तरी चालतो, मग कोठें लाळ त्याला आवरते. म्हातारपणीं हिरडी मागें सरून दांताचें मऊ मूळ उघडें पडतें, आणि रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनीं लाळहि आटते. लहान मुलांचे दुधाचे दांत 'पडणारच आहेत' म्हणून दुर्लक्षिले जातात, आणि आपले 'पडायलाच आले' म्हणून!

चरकानें दांतवणाचे दोन काळ सांगितले आहेत. त्यांतला सकाळचा आपण राखला. दुसरा बहुतेक घरांतून गळून गेला. झोंपेंत लाळ अगदीं कमी सुटते, त्यामुळें रात्रीं दांतांत राहिलेल्या घांसाला सकाळपर्यंत कोणी आवरीत नाहीं. काडी असो वा ब्रश, रात्रीच्या जेवणानंतर तो हातीं घ्यावयाचा, आणि त्यानंतर पाण्यावांचून कांहीं तोंडांत घालावयाचें नाहीं.