हिवताप, बुरशी आणि औषधांची नावे

नांदेड व लातूर या भागांतील हिवतापाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती नावांची. हिंदुस्थानातील जुन्या मृत्युनोंदींत असंख्य मृत्यू केवळ ‘ताप’ या सदराखाली जमा झालेले आहेत. त्यांतील हिवतापाचे किती, हे त्यांवरून ठरविता येत नाही. ‘हिवताप’ हा शब्द लक्षण सांगतो. ‘मलेरिया’ हा मूळचा इटालियन शब्द दूषित हवा हे कल्पित कारण सांगतो. चरकसंहितेतील ‘तृतीयक’ व ‘चतुर्थक’ ही विषमज्वराच्या प्रकारांची नावे तापाची पाळी सांगतात. आणि आजच्या मराठीत ‘विषमज्वर’ म्हणजे टायफॉइड, हा अर्थपालट ध्यानी न घेणारा वाचक हमखास फसतो.

रोगाचा खरा वाहक उघडकीस आला तो याच प्रदेशाच्या शेजारी. नांदेड व लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात मोडत होते. त्याच राज्यातील सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी आढळले. औषध मात्र त्यापूर्वीच हाती आले होते. सिंकोनाच्या सालीतून १८२० साली क्विनीन वेगळे करण्यात आले. पुढे कृत्रिम क्लोरोक्विन आले. १९५८ साली भारताने निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला; तरी १९७३ साली आसामात क्लोरोक्विनला न जुमानणारा परजीवी आढळला आणि १९७६ साली देशातील रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. चीनमध्ये १९७२ साली मिळालेले आर्टेमिसिनिन हेही वनस्पतिजन्यच होय.

मग बुरशीचे काय? पेनिसिलिनमुळे बुरशीला औषधशास्त्रात प्रतिष्ठा लाभली. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली १९६१ च्या सुमारास ‘हामायसिन’ हे बुरशीनाशक सिद्ध झाले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंपरिना’ असा गावाचा उल्लेख कायम राहिला आहे. या जातीच्या औषधांच्या नावांतील ‘मायसिन’ हे पद ग्रीक भाषेतील बुरशीवाचक शब्दावरून आले. परंतु ते जीव बुरशी नव्हेत. तंतूंसारख्या वाढीमुळे त्यांची गणना पूर्वी बुरशीत होई. ते जीवाणू आहेत हे पुढे ठरले. समजूत गेली, नाव राहिले. त्याच गटातील जीवांपासून १९४८ साली पहिले टेट्रासायक्लिन मिळाले. त्याच्या कुळातील डॉक्सिसायक्लिन आज हिवतापाच्या प्रतिबंधासाठी व अन्य औषधांच्या जोडीने उपचारासाठीही वापरतात. ते बुरशीजन्य म्हणून नोंदविणे चुकीचे ठरेल.

खऱ्या बुरशीच्या खात्यावर जमा होण्यासारखे थोडेच आहे. सायक्लोस्पोरिन परजीवीवर परिणाम करते, पण ते शरीराची प्रतिकारशक्तीच दडपते. क्लॅडोस्पोरिन हे द्रव्य प्रथम बुरशीनाशक म्हणून ज्ञात होते. ते परजीवीच्या प्रथिननिर्मितीतील एक आवश्यक विकर अडविते, हे २०१२ साली दाखविण्यात आले. माणसाच्या त्याच विकरावर ते फारसा परिणाम करीत नाही, हे त्याचे मोल. शरीरात ते टिकत नाही, ही त्याची उणीव.

या दाखल्यांतून एक गोष्ट दिसून येते. टेट्रासायक्लिन जीवाणूंसाठी, सायक्लोस्पोरिन अवयवरोपणासाठी, क्लॅडोस्पोरिन बुरशीविरुद्ध पुढे आले. हिवतापाचा विचार प्रत्येक वेळी मागाहून झाला. बुरशीत औषध नाही, असा निष्कर्ष या इतिहासावरून काढता येणार नाही. हिवतापासाठी म्हणून बुरशीकडे फार उशिरा पाहिले गेले, एवढेच त्यावरून सिद्ध होते. ज्या रोगाचे रुग्ण बहुतांशी गरीब, त्याच्या वाट्याला दुसऱ्या रोगांच्या संशोधनातील उरलेसुरले यावे, हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणवत नाही. गोदावरी व मांजरा यांच्या खोऱ्यांतील मातीतही बुरशी आहे. ती तपासणाऱ्याने कोणत्या जीवापासून कोणते द्रव्य मिळाले, याची नोंद नेमक्या नावानिशी ठेवावी. म्हणजे पुढच्या अभ्यासकास ‘ताप’ या एका शब्दापाशी अडून बसावे लागणार नाही.