पाठ खाजवण्याची परीक्षा : खेळाडूंच्या बलसाधनेचा एक विसरलेला वाद (थ्रेड)

१/ १९४० साल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले स्प्रिंगफिल्ड कॉलेज. सभागृह विद्यार्थ्यांनी भरलेले. शरीरक्रियाशास्त्राचे एक प्राध्यापक उभे राहतात आणि मंचावरच्या पीळदार देहाच्या पाहुण्याला विनंती करतात, की त्याने स्वतःची पाठ खाजवून दाखवावी. विनंती चेष्टेची नव्हती. तिच्यामागे कित्येक दशकांची प्रतिष्ठित समजूत उभी होती.

२/ ते प्राध्यापक म्हणजे पीटर कार्पोविच, रशियात जन्मलेले डॉक्टर. पाहुणा जॉन ग्रिमेक हा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील वेटलिफ्टर आणि पुढे १९४० व १९४१ असा दोनदा ‘मिस्टर अमेरिका’ म्हणून मिरवलेला. सोबत १९३८ चा जागतिक विजेता जॉन डेव्हिस आणि दोघांना घेऊन आलेले, बारबेलचा कारखाना चालवणारे बॉब हॉफमन. हे सारे जुळून आले ते एका विद्यार्थ्याच्या खटपटीमुळे, ही गोष्ट मला विशेष आवडते.

३/ स्थळही लक्षात घ्या. बास्केटबॉलचा जन्म १८९१ मध्ये याच संस्थेत झाला. अमेरिकेतील वायएमसीए व्यायामशाळांचे शिक्षक येथे घडत. त्यामुळे येथे जे चूक ठरे, ते देशभर चूक ठरे. आणि जड वजने उचलणे येथे चूक मानले जाई.

४/ समजुतीचे नाव होते ‘मसल-बाउंड’. जड वजनांनी स्नायू फुगतात, सांधे आखडतात, हालचाल मंदावते. असा माणूस धावू शकत नाही, चेंडू फेकू शकत नाही, त्याचा हात स्वतःच्या पाठीपर्यंतही पोहोचत नाही, असे तिचे स्वरूप. फुटबॉल, बेसबॉल आणि पोहणे शिकवणारे प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना वजनांपासून दूर ठेवत. आपल्या क्रिकेट मैदानांवरही ‘वजने उचलशील तर खांदा आखडेल’ हा सल्ला पुष्कळांनी ऐकला असेल.

५/ ही भीती कोठून आली? एक धागा बोस्टनच्या डॉ. जॉर्ज विंडशिप यांच्यापाशी जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जड भार उचलण्यातच आरोग्य आहे, असे ते गावोगाव प्रयोग करून सांगत. १८७६ मध्ये, अवघ्या ४२ व्या वर्षी, पक्षाघाताने ते गेले आणि टीकाकारांना आयता दाखला मिळाला. एका माणसाच्या मृत्यूवरून एक अख्खी पद्धती बदनाम व्हावी, हे तर्काला धरून नाही. पण समाजमत असेच घडते.

६/ दुसरा धागा व्यापाराचा. विसाव्या शतकाच्या आरंभी टपालाने व्यायामाचे धडे विकण्याचा धंदा फोफावला. लोखंडी बारबेल पाठवणे महाग. छापील धडे किंवा रबरी पट्टे पाठवणे स्वस्त. तेव्हा लोखंडाची निंदा करणे काही विक्रेत्यांच्या सोयीचेच होते. वैद्यकीय वाटणाऱ्या समजुतीचे मूळ कधी कधी टपालखर्चातही सापडते!

७/ येथे थोडे आडवळण घेऊ, कारण वाचकांच्या मनात तालीम आली असणार. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या सरावाचे प्रकार नावानिशी येतात : भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम. म्हणजे भार उचलणे, चालणे, पाण्यातले श्रम, खांबावरचे श्रम. यांपैकी एकही कुस्ती नव्हे. सारे कुस्तीसाठी आहे. खेळ वेगळा आणि खेळासाठी देह घडवणे वेगळे, हा भेद तेथे स्पष्ट आहे.

८/ हीच रीत तालमीत टिकली. जोर-बैठका, मुद्गल, दोर चढणे, हौद्यातली लाल माती फावड्याने उकरणे ही सारी मेहनत लढतीची पूर्वतयारी होती. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांशी ज्याची परंपरा जोडली जाते, तो मल्लखांबही मुळात पैलवानाची पकड, कंबर आणि चपळाई घडवण्याचे साधन. स्पर्धेचा खेळ तो फार नंतर झाला. वजनाने चपळाई जाते, ही भीती अशा ठिकाणी रुजणे अवघड होते.

९/ म्हणून ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असे म्हणून थांबावे काय? नाही. तालमीच्या परंपरेत मोजमाप दुबळे आहे. बडोद्याच्या संग्रहालयात गामा पैलवानाने १९०२ मध्ये उचलल्याचे सांगितले जाते तो दगड आहे; त्याचे वजन १२०० किलो म्हणतात. एवढा भार माणसाने ‘उचलला’ म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. गामाचे मोठेपण त्या आकड्यावर अवलंबून नाही.

१०/ आता परत स्प्रिंगफिल्डला. ग्रिमेकने पाठ खाजवली. एका हाताने, मग दुसऱ्या. सभागृहात हशा पिकला. मग त्याने पाय पूर्ण फाकवून जमिनीला टेकवले आणि गुडघे न वाकवता कोपरे जमिनीला लावली. डेव्हिसने दोन्ही हातांत डंबेल्स धरून मागे कोलांटी मारली. कार्पोविच निरुत्तर झाले. त्यांचा मोठेपणा असा, की त्यांनी गोष्ट तेथेच सोडून दिली नाही.

११/ दरम्यान महायुद्ध आले आणि प्रश्नाला वेगळीच कलाटणी मिळाली. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघे निकामी झालेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असत. हलक्या वजनाने पुष्कळ वेळा पाय हलवणे, हा तेव्हाचा उपचार. प्लास्टरमध्ये वाळलेली मांडी त्याने भरून येत नसे. तेथे कॅप्टन थॉमस डिलॉर्म हे तरुण डॉक्टर होते. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळलेला हा माणूस पुढे वजने उचलूनच उभा राहिला होता.

१२/ डिलॉर्म यांनी सैनिकाच्या पायाला लोखंडी बूट बांधला आणि त्याला चकत्या अडकवल्या. जेमतेम दहा वेळाच उचलता येईल असे वजन शोधायचे, त्यावर काम करायचे, ताकद वाढली की वजन वाढवायचे. १९४५ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्यासह त्यांनी पद्धत आटोपशीर केली : दहाचे तीन सेट, पहिला त्या वजनाच्या निम्म्यावर, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आज कोणत्याही जिममध्ये ‘तीन सेट, दहा-दहा’ ऐकाल, तेव्हा ते इस्पितळ आठवा.

१३/ मला हा या कथेचा गाभा वाटतो. वजनांना प्रतिष्ठा बलदंडांच्या प्रदर्शनांनी मिळाली नाही; जायबंदी माणसाला पुन्हा चालवण्याने मिळाली.

१४/ १९५१ मध्ये कार्पोविच आणि त्यांचा विद्यार्थी विल्यम झोरबास यांनी जुना वाद मोजून पाहिला. ६०० पुरुष, ३०० वजने उचलणारे, ३०० न उचलणारे. एक दांडा २४ वेळा गोल फिरवायचा आणि वेळ नोंदवायची. वजने उचलणारे अधिक वेगवान निघाले. अपेक्षेच्या उलट आलेले उत्तर कार्पोविच यांनी प्रसिद्ध केले आणि १९५६ मध्ये खेळाडूंच्या वजन-सरावावर जिम मरे यांच्यासह पुस्तकही लिहिले.

१५/ मैदानावरची परीक्षा लुइझियानातील बॅटन रूज येथे झाली. ॲल्विन रॉय यांनी इस्ट्रुमा हायस्कूलच्या फुटबॉल संघाला वजने उचलायला लावली. १९५५ मध्ये संघ अपराजित राहून राज्यविजेता ठरला. त्यातला बिली कॅनन १९५९ मध्ये हाइझमन करंडकाचा मानकरी झाला. पण याच रॉय यांच्या काळात, १९६३ साली, सॅन दिएगो चार्जर्सच्या सराव शिबिरात खेळाडूंना डायनाबोल या स्टेरॉइडच्या गोळ्या देण्यात आल्या. एक भीती जाताच दुसरा, खराखुरा धोका त्याच दाराने आत आला. रॉय यांची कथा निव्वळ गौरवाची म्हणून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१६/ १९६९, नेब्रास्का विद्यापीठ. बांबू उडी मारणारा बॉइड एपली पाठीच्या दुखापतीमुळे मैदानाबाहेर होता आणि वजनांच्या खोलीत घाम गाळत होता. तेथे येणारे जखमी फुटबॉलपटू त्याचे पाहून तसेच करू लागले आणि परतताना अधिक दणकट होऊन परतले. सहायक प्रशिक्षक टॉम ऑसबोर्न यांच्या नजरेतून हे सुटले नाही. मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हेनी यांनी एपलीला काम दिले, पण तंबी देऊन : एकही खेळाडू मंदावला, तर नोकरी गेली. मसल-बाउंडचे भूत अजून उतरले नव्हते.

१७/ म्हणून एपली धावेचे सेकंद आणि उडीची उंची सतत नोंदवत राहिला. नेब्रास्काने १९७० आणि १९७१ ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. श्रेय केवळ वजनांचे नव्हे. पण इतर विद्यापीठांनी त्याचे अनुकरण मात्र झपाट्याने केले.

१८/ मग या सरावाचा हेतू तरी कोणता? फुगलेला दंड हा नव्हेच. जड भार उचलताना मज्जासंस्था एकाच वेळी अधिक स्नायुतंतू कामाला लावायला शिकते, आणि स्नायूंबरोबर कंडरा व हाडेही भार सोसायला सरावतात. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय टेकतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट आघात त्या एका पायावर येतो. ती ताकद चेंडू टाकण्याइतकीच थांबण्यासाठी, न मोडण्यासाठी लागते. ती नेटमध्ये शेकडो चेंडू टाकून येत नाही. उलट त्यानेच पाठ जाते.

१९/ १९७८ मध्ये एपलीच्या पुढाकाराने ७६ प्रशिक्षकांनी नेब्रास्कातील लिंकन येथे संघटना स्थापली. नावात तेव्हा फक्त ‘स्ट्रेंग्थ’ होते. १९८१ मध्ये त्यात ‘कंडिशनिंग’ची भर पडली, कारण पहिल्या मिनिटातली ताकद शेवटच्या मिनिटाला उरत नसेल तर ती अपुरी, हे अनुभवाने कळले होते. कुस्तीच्या मैदानात वस्ताद मंडळी हेच दोन शब्द वेगळे ठेवतात : ताकद आणि दम.