काठीच्या बळावर खजिना

श्रोतेहो, इतिहास म्हटला की गड-किल्ले डोळ्यांपुढे येतात. पण पोराबाळांच्या खेळांनाही इतिहास असतो बरे का! १९८७ साली अमेरिकेत डिस्नेची 'डकटेल्स' ही चित्रमालिका सुरू झाली. पुढे आपल्या दूरदर्शनवरही ती हिंदीतून लागत असे. १९८९ साली जपानच्या कॅपकॉमने तिच्यावरून निन्टेन्डोच्या यंत्रासाठी व्हिडिओ गेम काढला. पडद्यावरचा देखावा सरकत जातो आणि कंजूष स्क्रूजकाका काठीवर टणाटण उड्या मारीत ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र येथले खजिने शोधतात. आधी कुठे जायचे, ते खेळणाऱ्याने ठरवायचे. म्हातारपणाची काठी इथे पायांहून बळकट! हिमालयाच्या भुसभुशीत बर्फात मात्र काठीने उडी मारली, की काकाच रुतून बसतात. साधन कुठे वापरावे अन् कुठे आवरावे, हे मूल पुस्तकाविना शिकते.

२०१३ साली हा खेळ नव्या रूपात आला. २०१९ साली इंटरनेटवरच्या दुकानांतून त्याची विक्री थांबली आणि २०२० साली पुन्हा सुरू झाली. असा खेळ मालकाच्या मर्जीवर जगतो. गुरुजनहो, तुमच्या गावचा विटीदांडू कुणाच्या मालकीचा नाही. पण त्याचे नियम कुणी लिहून ठेवले नाहीत, तर तोही जाईल. मुलांकडून एवढे काम करून घ्याल ना?