विनावेतन सेवेची नोंद : महजर, मुक्तिसंग्राम आणि आपला बायोडेटा

१/
पदवी हाती आली, बायोडेटा लिहायला घेतला आणि लेखणी 'अनुभव' या रकान्यापाशी अडली, हा प्रसंग परभणी जिल्ह्यातील पालमच्या कितीतरी तरुणांवर दरवर्षी येतो. पगाराची नोकरी अजून झालेली नसते. मात्र वाचनालय चार वर्षे सांभाळलेले असते, व्याख्यानमालेत वक्त्यांना वेळेचे भान दिलेले असते, मंडळातील दोन गटांचे भांडण मिटवलेले असते. यांपैकी कशाचाही मोबदला मिळालेला नसतो. मग हे लिहावे की गाळावे?

२/
प्रश्न आजचा वाटतो, पण आपल्याच मुलखाच्या इतिहासात त्याची उत्तरे आहेत, आणि ती परस्परांहून वेगळी आहेत. विनावेतन काम कोणी केले, त्याची नोंद कोणी ठेवली, आणि नोंद नसली की पुढे काय झाले, हे या धाग्यात क्रमाने पाहू.

३/
आरंभ मराठेशाहीतील गोतसभेपासून करू. गावात वतनाचा, शिवेचा वा वडीलपणाचा तंटा उभा राहिला की गोत जमत असे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गावचे जाणते एकत्र बसत, दोन्ही पक्षांच्या तकरिरी ऐकत, साक्षी घेत आणि निवाडा करत. या बसणाऱ्यांना वेतन नव्हते. वतनाचा मान आणि गावातील शब्दाचे वजन हेच त्यांचे बळ.

४/
निवाडा झाला की महजर लिहिला जाई. त्यात वादी-प्रतिवादी, तंट्याचे कारण, पुरावे, निकाल आणि सभेस हजर असलेल्यांची नावे येत. नावापुढे निशाणी असे : पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी-दौत, चांभाराची रापी. अक्षरओळख नसलेल्याचीही उपस्थिती अशा रीतीने कागदावर उमटत असे.

५/
महजराचा घाट लक्षपूर्वक पाहा. 'अमुक गृहस्थ थोर न्यायी होते' असे प्रशस्तिवाक्य त्यात शोधून सापडत नाही. कोण, कोणत्या नात्याने, कोणत्या तंट्यात बसला आणि काय ठरले, एवढेच त्यात असते. पिढ्या उलटल्यावर तोच तंटा पुन्हा उकरला गेला तर जुना महजर पुढे करता येई. विनावेतन कामाची इतकी नेटकी नोंद आपल्याकडे होती.

६/
इंग्रजी अमलात मुंबईत दुसरा नमुना दिसतो. १८३४ मध्ये नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय अशा हिंदी नागरिकांना 'जस्टिस ऑफ द पीस' नेमण्यात आले. हे पदही बिनपगारी. नगराची शांतता व व्यवस्था यांत त्यांचा हात असे. पुढे 'जे. पी.' ही दोन अक्षरे नावामागे लावण्याची प्रथा रूढ झाली आणि मानद पद हा प्रतिष्ठेचा अलंकार बनला.

७/
या दोन नमुन्यांतील अंतर आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. महजर कामाची हकीकत सांगतो, 'जे. पी.' केवळ पदवी सांगते. पदवी वाचून त्या गृहस्थाने किती तंटे मिटवले, हे कळत नाही. आजच्या बायोडेटातील 'सक्रिय सदस्य', 'माजी उपाध्यक्ष' या नोंदी बहुधा दुसऱ्या जातीच्या असतात.

८/
आता मराठवाड्याकडे येऊ. पालम तेव्हा हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात होते. संस्थानात 'गश्ती निशाण ५३' सारखे निर्बंध आले आणि परवानगीवाचून जाहीर सभा घेणे अशक्य झाले. सभेत बोलणाऱ्याइतकीच सभा चालवणाऱ्याचीही जबाबदारी जोखमीची झाली.

९/
परिणाम असा की हैदराबादच्या प्रजेची राजकीय परिषद हैदराबादेत भरू शकेना. ती १९२३ मध्ये काकीनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे आणि १९३१ मध्ये अकोला येथे, म्हणजे प्रत्येक वेळी संस्थानाबाहेर भरली. संस्थानाच्या आत लोक एकत्र येत ते वाचनालये, खाजगी शाळा आणि उत्सव यांच्या आश्रयाने. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. अशा संस्थांचा कारभार मुख्यतः विनावेतन हातांनी चालला.

१०/
१९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे झाले. परतूर आज जालना जिल्ह्यात असले तरी तेव्हा परभणीत होते. गोविंदराव नानल अध्यक्ष होते. नेमस्त आणि जहाल, वकील आणि तरुण शिक्षक अशा भिन्न मतांच्या माणसांना एका मांडवात बसवणे, ठराव शब्दाशब्दाने जुळवणे, वाद विकोपास जाऊ न देणे, हे काम कोणत्याही पगारपत्रकावर चढत नाही. त्याच्यावाचून परिषदही उभी राहत नाही.

११/
स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षक होते. १९३८ मध्ये शाळा सोडून त्यांनी सार्वजनिक कार्याला वाहून घेतले, आणि त्याच वर्षी स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात कारावास पत्करला. आजच्या भरती अधिकाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यांच्या बायोडेटात १९३८ पासून दहा वर्षांची पोकळी दिसेल! प्रत्यक्षात त्याच दहा वर्षांत त्यांनी एका संस्थानव्यापी संघटनेची धुरा वाहिली.

१२/
त्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांना महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच. निष्कासनाचा शेरा हैदराबादेत कलंक ठरला, नागपुरात तो अडसर ठरला नाही, आणि स्वातंत्र्यानंतर भूषण ठरला. कागदावरची नोंद तीच. वाचणारा बदलला की तिचा अर्थ बदलतो.

१३/
१९४७-४८ मध्ये संस्थानाच्या सीमेवर उमरखेड, वाशीम, मनमाड, बार्शी अशा ठिकाणी कार्यकर्त्यांचे तळ होते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर छापा घालून वीस लाखांहून अधिक रक्कम लढ्यासाठी नेण्यात आली. या घटनेत इतिहासाच्या विद्यार्थ्याने धाडसाइतकेच हिशेबाकडे पाहावे. रकमेचा चोख हिशेब ठेवला गेला आणि संस्थान विलीन झाल्यावर तो सादर करण्यात आला. बिनपगारी माणसांनी, तेही भूमिगत अवस्थेत, राखलेले हे दप्तर आहे.

१४/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला, तळ उठले, माणसे घरी परतली. कोणी पुन्हा शेतीला लागले, कोणी शाळेत रुजू झाले. 'मी अमुक तळावर इतके महिने होतो' असा दाखला मागून ठेवण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. दाखल्यासाठी ते गेलेच नव्हते.

१५/
चोवीस वर्षांनी दाखल्याची गरज निर्माण झाली. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ताम्रपट देण्यात आले आणि केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. १९८० मध्ये तिची व्याप्ती वाढली. साधारण निकष सहा महिन्यांच्या कारावासाचा किंवा तितक्या काळाच्या भूमिगत कार्याचा. कारावासाची नोंद तुरुंगाच्या दप्तरात मिळू शकते. भूमिगत कार्याची नोंद कोठून आणावी? जे काम नोंद होऊ न देण्याच्या अटीवरच चालले, त्याचाच पुरावा आता हवा होता.

१६/
उपाय म्हणून सहकाऱ्यांच्या साक्षी आल्या. ज्याचा कारावास सिद्ध आहे त्याने दुसऱ्याच्या कार्याची ग्वाही द्यावी, अशी रीत पडली. ही रीत महजराच्याच कुळातली. पण महजर घटनेच्या वेळी लिहिला जाई, या साक्षी तीस-चाळीस वर्षांनी लिहिल्या गेल्या. या कालांतरात खऱ्याबरोबर खोटेही शिरले. बीड जिल्ह्यातील संशयित प्रकरणांची चौकशी निवृत्त न्यायमूर्तींकडे सोपवावी लागली, आणि २००५ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला.

१७/
या प्रकरणाने दोन प्रकारची हानी केली. न लढलेल्यांनी कागद जमवले, ही पहिली. खऱ्या कार्यकर्त्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले, ही दुसरी आणि अधिक क्लेशदायक. अनेकांनी तर अर्जच केला नाही. त्यांचा स्वाभिमान आदरणीय आहे. पण त्यांच्या मौनामुळे त्या त्या गावाचा इतिहास आपल्याला अपुरा मिळाला, हेही नाकारता येत नाही.

१८/
येथे एक आक्षेप येतो : सेवा निष्काम असावी, तिचा उच्चार म्हणजे आत्मश्लाघा. याला उत्तर एका संन्याशाच्या कृतीतच आहे. स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादच्या लढ्याच्या आठवणी लिहिल्या आणि त्या १९६७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. मोबदला न घेणे आणि हकीकत न सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात त्याग आहे. दुसऱ्याने पुढच्या पिढीचा तोटा होतो.

१९/
स्वतंत्र भारताने विनावेतन सेवेची गणना तासांत करून पाहिली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, मग प्रमाणपत्र. नोंदीचा प्रश्न त्याने सुटला. मात्र तास हे मापच असे आहे की झाडू धरून छायाचित्र काढणारा आणि गावाचा बंधारा बांधणारा दोघेही त्यात सारखेच मोजले जातात.

२०/
आता जगाकडे एक दृष्टिक्षेप. सुमारे १४८२ मध्ये लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला आपल्या कौशल्यांची यादी पाठवली. बायोडेटाच्या इतिहासात तिचा उल्लेख नेहमी होतो. लिहिणारा चित्रकार, पण यादीत आधी पूल, तोफा आणि वेढ्याची यंत्रे येतात; चित्रकला अगदी शेवटी. वाचणाऱ्याला युद्धाची चिंता होती, हे त्याने ओळखले होते. आजही अमेरिकेच्या संघीय सरकारी नोकऱ्यांच्या जाहिरातींत अनुभव म्हणजे सवेतन तसेच विनावेतन, स्वयंसेवी कामही, असे स्पष्ट म्हटलेले असते.

२१/
तर मग उत्तर काय? लिहावे, आणि महजरासारखे लिहावे. 'वाचनालयाचा सक्रिय कार्यकर्ता' यापेक्षा 'तीन वर्षे देवघेव सांभाळली, नोंदवही नव्याने लावली, वर्गणीचा हिशेब दर महिन्याला सभेपुढे ठेवला' हे अधिक बोलते. 'वाद मिटवले' असे म्हणण्याऐवजी वाद कशाचा होता, नियम कोणता लावला आणि पुढे काय झाले, हे दोन ओळींत सांगावे. ज्याला हे प्रत्यक्ष ठाऊक आहे असा एक साक्षीदारही तयार असावा, आणि त्याची संमती आधी घेतलेली असावी.

२२/
कधी गाळावे? ज्या जागेसाठी अर्ज आहे तिच्याशी कामाचा काडीचाही संबंध नसेल तेव्हा. नाव यादीत होते पण काम दुसऱ्याने केले असेल तेव्हा. आणि तुम्ही सोडवलेल्या भांडणातील माणसांची अब्रू त्या नोंदीने उघडी पडणार असेल तेव्हा. मध्यस्थाच्या पदरी लोकांची गुपिते असतात; ती नोकरीसाठी खर्चण्याचा अधिकार त्याला नाही. काम सांगावे, माणसे झाकावीत.

२३/
शहरातील मुलाला ओळखीच्या कचेरीत उन्हाळी प्रशिक्षण मिळते. पालम, सोनपेठ, पूर्णा येथील मुलाला तशी कचेरी जवळपास नसते. त्याच्याकडे असतो तो गावाने विनामूल्य शिकवलेला कारभार : हिशेब, सभा, समजूत. तोच त्याने लाजून गाळला तर कागदावर तो कोराच उरतो. म्हणून हा प्रश्न शिष्टाचाराचा कमी आणि न्यायाचा अधिक आहे.

२४/
एक योगायोग सांगून थांबतो. पालमचा विद्यार्थी ज्या विद्यापीठाची पदवी घेतो, त्या नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. म्हणजे बायोडेटातील 'शिक्षण' या रकान्यात, शाळेचा पगार सोडून गेलेल्या एका शिक्षकाचे नाव तुम्ही आधीच लिहीत आहात.

२५/
मित्रहो, आता तुमच्याकडून एक अपेक्षा. तुमच्या संस्थेत यंदा ज्यांनी विनावेतन काम केले, त्यांना काम संपताच सही-तारखेचा दाखला द्या. वीस वर्षांनी साक्षी शोधत फिरण्याची पाळी त्यांच्यावर येऊ देऊ नका. आणि तुमच्या घरी वा गावी मुक्तिसंग्रामातील कोणाच्या आठवणी, वह्या, पत्रे असतील तर त्यांची नक्कल करून जवळच्या वाचनालयात ठेवा. अशा कोणत्या वह्या तुम्ही पाहिल्या आहेत, हे या धाग्याखाली जरूर लिहा.