बसऱ्याला गेलेला पणजोबा

साताऱ्यातल्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांत पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला गेले’ एवढीच आठवण उरलेली असते. वंशावळ जुळवणारी नातवंडे कागद शोधतात आणि तो मिळाला नाही की ती आठवण दंतकथा म्हणून बाजूला टाकतात. हा निकाल घाईचा आहे. यादीत नाव नाही म्हणजे माणूस गेलाच नाही असे होत नाही. त्याचे नाव लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नसेल. बसऱ्याचे स्मारकच पाहा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात पडलेल्या, कबर न सापडलेल्या ४०,०००हून अधिक सैनिकांसाठी ते १९२९ मध्ये उभे राहिले. साध्या गोऱ्या सोल्जराचेही नाव त्यावर आहे. हिंदी पलटणींतल्या मात्र अंमलदारांचीच नावे कोरली आणि बाकीच्यांसाठी ‘इतर इतके हिंदी सैनिक’ असा आकडा घातला. कोरेगाव भीमाचा स्तंभ याच्या शंभरेक वर्षे आधीचा, कंपनी सरकारचा. त्यावर तिथल्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे आहेत, ‘नाक’ने संपणारी महार शिपायांचीही. तेव्हा दगडावर शिपायाचे नाव घालणे अशक्य होते, ही सबब टिकत नाही.

घरातली आठवण फुगत जाते, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून ती टाकून न देता पारखावी. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कुटच्या वेढ्यात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. तिथे अन्न संपत आले, घोड्याच्या मांसावरून हिंदी शिपायांची घालमेल झाली, शेवटी तुर्कांची कैद नशिबी आली. घरच्या गोष्टीत असे काही डोकावत असेल तर ती उगाच रचलेली नसावी. याउलट महार घरात ‘१९१५ चा लढाऊ शिपाई’ म्हणून सांगत असतील तर जपून राहावे, कारण १८९२ नंतर त्यांची भरती बंद पडली होती आणि १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहून १९२१ मध्ये मोडली. पण महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भरतीसाठी अर्ज केला, तो पूर्वजांच्या नोकरीचाच आधार देऊन. ज्या घरांची आठवण थट्टेवारी नेली जाते, त्यांनीच ती सरकारदरबारी मांडली होती.

इंग्रजांची चाकरी कशाला उकरायची, असे काहींना वाटते. शिपायाला महिना ११ रुपये मिळत आणि जिराईत घरात ते पैसे मोठे होते. ही निवड समजून घेणे म्हणजे साम्राज्याचा गौरव नव्हे. म्हणूनच शौर्यपदकांच्या याद्यांआधी पेन्शनचे कागद पाहावेत. पैसा वारसाच्या हाती पोचवायचा तर शिपायाचे आणि गावाचे नाव लिहिणे सरकारला भागच होते.