दर्यावर्दीची सनद

कोंकणच्या किनाऱ्यावर शिडांच्या गलबतांच्या काळीं तांडेलापाशीं कोणी दाखला मागत नसे. कोणता तांडेल वादळांतूनहि गलबत सुखरूप आणतो आणि कोणता भर दिवसां तें खडकावर घालतो, हें साऱ्या बंदराला ठाऊक असे. गांवाची ओळख हीच त्याची सनद होती. परंतु मालक एका देशाचा, निशाण दुसऱ्या देशाचें, कप्तान तिसऱ्या देशाचा आणि खलाशी चवथ्याच देशाचे, अशीं जहाजें समुद्रावर फिरूं लागलीं, तेव्हां ही ओळख पुरेनाशी झाली. तिची जागा कागदी दाखल्यानें घेतली. हा दाखला विश्वासाला पात्र कसा ठरावा, या एकाच प्रश्नाचा इतिहास आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

इंग्लंडांत १८५० सालच्या कायद्यानें परदेशीं जाणाऱ्या जहाजांचे कप्तान व त्यांच्या हाताखालचे मेट यांना परीक्षेची सक्ती झाली. जे आधींपासून नोकरींत होते, त्यांना मात्र परीक्षेवांचून नोकरीचा दाखला मिळाला. १८६२ सालीं आगबोटींवरील इंजिनियरांचीहि पाळी आली. इतर दर्यावर्दी राष्ट्रांनीं आपापले नियम केले. पण एकाचें माप दुसऱ्याच्या मापाशीं जुळत नव्हतें. १९३६ सालीं जिनिव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें केलेल्या करारांत अधिकाऱ्यांना योग्यतेचा दाखला आवश्यक ठरला. तरी त्यासाठीं काय व किती शिकावें, हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें होतें.

आपल्या देशांत या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. रत्नागिरी जिल्ह्यांतले व गोव्याकडचे कितीतरी खलाशी परदेशी आगबोटींवर राबत. परंतु सनद हातीं असलेला हिंदी अधिकारी विरळा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून निघाली, तेव्हां जहाज आपलें झालें; अधिकारी अजून व्हावयाचे होते. १९२७ सालीं मुंबई बंदरांत ‘डफरिन’ हें शिक्षण देणारें जहाज सुरू झालें आणि हिंदी मुलांना ती वाट मोकळी झाली. योग्यतेचें माप सर्वांना सारखें व उघड असलें, म्हणजे तें केवळ अपघात टाळीत नाहीं. बंद दरवाजेहि उघडतें.

सारख्या मापाची निकड जगाला पटण्यास मात्र मोठे अपघात व्हावे लागले. १८ मार्च १९६७ रोजीं ‘टॉरी कॅन्यन’ हें तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापाशीं खडकावर चढलें. निशाण लायबेरियाचें, कप्तान इटलीचा. भरतीची वेळ गांठण्याच्या घाईंत जवळची वाट धरली गेली, आणि सुमारें १,२०,००० टन कच्च्या तेलाच्या त्या जहाजानें इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही देशांचे किनारे काळे केले. एका देशाच्या निशाणाखालीं घडलेल्या चुकीचें प्रायश्चित्त दुसऱ्याच देशांना घ्यावें लागलें. अखेर ७ जुलै १९७८ रोजीं लंडन येथें दर्यावर्दींचें शिक्षण, दाखले व पाहरा यांविषयीं पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २८ एप्रिल १९८४ पासून अंमलांत आला.

या करारांत एक उणीव राहिली होती. अनेक ठिकाणीं माप असें घातलें होतें कीं, शिक्षण संबंधित सरकारचें समाधान होईल इतकें असावें. आतां प्रत्येक सरकारचें समाधान सारखें कसें असणार? ७ एप्रिल १९९० रोजीं नॉर्वेहून डेन्मार्ककडे निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या उतारू जहाजाला आग लागली. खलाशी नवे होते. आगीच्या प्रसंगाचा सराव झालेला नव्हता. कित्येकांना उतारूंची भाषाहि येत नव्हती. १५० हून अधिक माणसें दगावलीं. धुरानें भरलेल्या बोळांत वाट दाखविणारा आवाज उतारूला समजला नाहीं, तर खलाशाच्या खिशांतील दाखल्याचा उपयोग काय?

१९९५ सालीं करार जवळजवळ नव्यानें लिहिला गेला. १ फेब्रुवारी १९९७ पासून तो लागू झाला. त्यांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, माणसाला काय माहीत आहे एवढ्यावर न थांबतां त्याला काय करून दाखवितां येतें, हें पाहण्याचें ठरलें. दुसरी, प्रत्येक सरकारनें आपल्या शिक्षणाची व्यवस्था आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढें मांडावी असें बंधन आलें. परीक्षा घेणाऱ्याचीच परीक्षा सुरू झाली! पुढें २५ जून २०१० रोजीं मनिला येथें आणखी सुधारणा झाल्या. पडद्यावर दिसणाऱ्या सागरी नकाशांचें शिक्षण आलें, मद्यपानावर मर्यादा आली, आणि २४ तासांत निदान १० तास व सात दिवसांत ७७ तास विश्रांतीचा नियम झाला. जागरणानें डोळे मिटणारा पंडितहि जहाज बुडवूं शकतो, हें यांत मान्य झालें.

या कराराची पुन्हा एकवार समग्र तपासणी संघटनेनें हातीं घेतली आहे. अमोनिया, हायड्रोजन यांसारख्या नव्या इंधनांचे धोके जुन्या अभ्यासक्रमांत नव्हते. जहाजावरील छळ व लैंगिक त्रास रोखण्याचें शिक्षणहि मूळ शिक्षणांत आलें असून, तो नियम १ जानेवारी २०२६ पासूनचा आहे. हें सर्व इष्टच आहे. परंतु विश्रांतीचे तास वहींत पुरे आणि प्रत्यक्षांत अपुरे, ही तक्रार जुनी आहे, आणि खोटे दाखले विकणारेहि जगांत आहेत. नियम कितीहि सुधारले, तरी खोट्या नोंदीपुढें ते लुळे पडतात.

म्हणून ज्या घरांतील मुलगा वा मुलगी दर्यावर जाऊं इच्छिते, त्या घरानें दाखला किती लवकर व किती स्वस्तांत मिळेल हें विचारूं नये. संस्थेला नौकानयन महासंचालनालयाची मान्यता आहे काय, आणि तेथें हातानें काम करून घेतात काय, हें विचारावें. त्या कागदावर पुढें कोणीतरी अनोळखी माणूस आपला जीव सोंपविणार असतो.