ओळख कोणी कोणाला द्यायची?

नायगावहून बाबांचा फोन आला. "बँकेतला साहेब आहे म्हणतोय. ओळखपत्राचा फोटो पाठवलाय. ओटीपी देऊ का?"

"अजिबात नाही. त्याचा नंबर आधी ब्लॉक करा."

पूर्वी ओळख आपण पटवायची असे. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्यालाच मिळत. निजामाच्या राज्यात १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. पुढे कितीतरी वर्षं बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे, सही नमुन्याशी ताडली जाई. बँक खरी का, हा प्रश्नच नव्हता. ती समोर उभी होती.

तीच बँक स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, आयएफएससी बदलले. मग बँकाच फोनमध्ये आल्या आणि ओळख द्यायची पाळी त्यांच्यावर आली. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवहाराच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक आणि संकेतस्थळांसाठी 'डॉट बँक डॉट इन' ठरवून दिलं.

ओळखपत्राचा फोटो बनवायला किती वेळ लागतो, हे आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना विचारा! बाबा पासबुक घेऊन शाखेत गेले. त्या नावाचं तिथं कुणीच नव्हतं. सोयाबीनचे पैसे खात्यात होते.